ल्हासा ते गोंदिया : दोन गुणांचे अंतर

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा शाळेच्या वाटचालीवर लिहावे असेच प्रथम मनात आले. पण ते काम माझ्यापेक्षा जाणती माणसे याच अंकात करणार आहेत. एका कौलारू खोलीत सुरू झालेले वसतिगृह, धान्य मागून चालवलेला स्वयंपाक, संस्थापकांनी स्वतः वाहिलेल्या विटा, पहिल्या दहावीच्या तुकडीचा निकाल, हे सारे आपणांस इतर पानांवर वाचायला मिळेल. मी मात्र दोन गुणांविषयी लिहिणार आहे. ते दोन गुण मी एका विद्यार्थ्याला दिले नव्हते. पाव शतक उलटून गेले, तरी माझ्या हिशेबवहीत ते बाकी आहेत.

मी १९९५ साली या शाळेत इतिहासाचा शिक्षक म्हणून रुजू झालो. आपल्याकडे इतिहासाच्या शिक्षकाने भूगोलही शिकवायचा असतो, त्यामुळे नववीचा भूगोल माझ्याकडे आला. त्या वेळी गोंदिया जिल्हा अस्तित्वात नव्हता. आपण भंडारा जिल्ह्यात होतो. १ मे १९९९ रोजी जिल्हा वेगळा झाला. विद्यार्थी आमगाव, देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव अशा दूरदूरच्या टोल्यांवरून येत. ट्रंक, वळकटी, जर्मनचे ताट आणि पेला एवढी त्यांची मिळकत. एस.टी.तून उतरलेला बाप मुलाला वसतिगृहाच्या दारात सोडून मागे न पाहता निघून जाई. मागे पाहिले तर पोरगा रडेल, हे त्याला ठाऊक असे.

१९९७ च्या प्रथम सत्र परीक्षेत नकाशावाचनाचा एक प्रश्न मी घातला होता. आशियाचा आराखडा दिलेला, प्रमाण एक सेंटिमीटरला दोनशे किलोमीटर. प्रश्न असा : ‘ल्हासा व गोंदिया या दोन शहरांमधील अंतर काढा. (गुण २)’ ल्हासा हे नाव मी सहज निवडले नव्हते. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळच्या गोठणगावाला तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. हिवाळ्यात गोंदियाच्या रस्त्याकडेला स्वेटर विकणारी तिबेटी माणसे आमच्या मुलांनी पाहिलेली. ती जिथून आली ते ठिकाण मुलांना नकाशावर सापडावे, एवढाच हेतू. पट्टी ठेवली की सुमारे सात सेंटिमीटर भरतात; दोनशेने गुणले की चौदाशे किलोमीटर. उत्तर सोपे होते आणि बहुतेकांनी ते बरोबर लिहिले.

एका उत्तरपत्रिकेत मात्र पट्टीची खूणही नव्हती. निळ्या शाईत एकच ओळ होती : ‘१९५९ पासून १९७२ पर्यंत. तेरा वर्षे.’

मी लाल शाईने त्यावर फुली मारली आणि समासात लिहिले, ‘अंतर विचारले आहे, वेळ नाही.’ गुण शून्य. शिक्षक या नात्याने मी काही गैर केले आहे, असे मला त्या क्षणी वाटले नाही. आजही कोणी परीक्षक म्हणेल की तुमचे बरोबरच होते. उत्तरपत्रिका वाटल्या, तेव्हा तो मुलगा आपला कागद घेऊन बराच वेळ उभा राहिला. काही विचारायचे आहे का, असे मी म्हटले. त्याने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसला. त्या मुलाचे नाव मी येथे लिहीत नाही. तो हा लेख वाचेल तर त्याला कळेल.

दिवाळीच्या सुट्या लागल्या. सुट्या संपल्या, मुले परत आली. तो आला नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत गेल्या. धान कापणीचे दिवस होते. कापणी, बांधणी, चुरणे आटोपले की येईल, असे मी स्वतःला सांगितले. आमच्याकडे हे दरवर्षी घडतेच. पुढे ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनाची तयारी आली. त्या दिवशी अभिवादन सभेत मी शिक्षणावर पाऊण तास बोललो; टाळ्याही मिळाल्या. मग स्नेहसंमेलन आले. दर रविवारी मनात येई, जाऊन पाहावे. आणि दर रविवारी काही ना काही काम निघे. त्याचा टोला शाळेपासून अडतीस किलोमीटरवर होता. अर्जुनीपर्यंत एस.टी. आणि तेथून पुढे काही अंतर पायी. जाऊन यायला एक दिवस पुरेसा होता. जानेवारी १९९८ च्या दुसऱ्या रविवारी मी शेवटी निघालो. शाळा उघडून तेव्हा सात आठवडे होऊन गेले होते.

घर म्हणजे मातीच्या भिंतींची एक खोली आणि पुढे ओटा. त्याची आई धान पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले, पदर सावरला, आतून पाण्याचा तांब्या आणला. मी विचारण्याआधीच तिने सांगितले, की मुलाच्या बापाला दिवाळीत लकवा मारला. दवाखान्यासाठी उसने घेतलेले पैसे फेडायचे होते. नाताळच्या सुमारास गावातली मजुरांची एक टोळी बांधकामावर हैदराबादकडे गेली, तिच्याबरोबर पोरगा गेला. तोवर रोज सायंकाळी तो फाट्यापर्यंत जाऊन येत असे. का जात असे, ते त्याने आईला सांगितले नव्हते. एवढे बोलून ती थांबली आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “तुमी पयले आले असते त तो गेला नसता, गुरुजी.”

त्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

परतताना तिने मला वसाहतीतल्या एका म्हाताऱ्याकडे नेले. त्याच्या शेतात ती रोवणीला आणि कापणीला जात असे. लहानपणी पोरगाही तिच्यामागे जाई आणि बांधावर त्या म्हाताऱ्याजवळ बसे. तिबेटी भाषेत आजोबाला पो-ला म्हणतात. टोल्यावरच्या मुलांना ते बैलांच्या सणाचेच नाव वाटले आणि सगळी मुले त्याला पोळा म्हणू लागली. त्यालाही ते आवडे. म्हाताऱ्याने मला खारट लोण्याचा चहा दिला. बोलणे तुटक्या हिंदीत झाले. मी शाळेचा गुरुजी आहे, असे कळताच त्याने विचारले, “ते उत्तर तुम्ही चूक दिलेत ना? माझी त्यातली कुठली वर्षे चुकली?”

मी काही बोलू शकलो नाही. मग त्यानेच हिशेब सांगितला. अनेकदा सांगून तो पाठ झालेला असावा. मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला. दलाई लामा १७ मार्चच्या रात्री ल्हासाहून निघाले आणि महिनाअखेर भारताच्या सीमेवर, तवांगच्या बाजूला पोचले. इतिहासाच्या पुस्तकांत ही दोन आठवड्यांची वाट सापडते. त्यांच्या मागोमाग हजारो सामान्य माणसे निघाली, त्यांच्या वाटेची नोंद कोणी ठेवली नाही. हा म्हातारा त्यांतला. तेव्हा तो ऐन तरुण होता. रात्री चालायचे आणि दिवसा दडायचे, अशा रीतीने त्याला डोंगर उतरायला वीस-बावीस दिवस लागले. त्यानंतर आसामातल्या मिसामारीच्या छावणीत बांबूच्या झोपडीत काही महिने. उंच, थंड, कोरड्या मुलखातली ती माणसे आसामच्या उकाड्यात आजारी पडत. मग हिमालयात रस्ते बांधण्याच्या कामावर. डोंगर फोडायचा, खडी घालायची, तंबूत झोपायचे आणि रस्ता पुढे सरकला की तंबू पुढे न्यायचा. त्यात दहा-बारा वर्षे गेली. पत्नी त्याच रस्त्यावर गेली. १९७२ साली ही वसाहत झाली, तेव्हा त्यांना आगगाडीत बसवून इकडे आणले. “गाडीत तीनच दिवस,” तो म्हणाला आणि तीन बोटे दाखवून हसला. मुलाने हा हिशेब त्याच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकून घेतला होता. प्रश्नपत्रिकेत ल्हासा आणि गोंदिया ही दोन नावे शेजारी दिसल्यावर पट्टी काढण्याची गरज त्याला वाटली नाही. उत्तर त्याला ठाऊक होते.

माझे उत्तर खोटे नव्हते. सरळ रेषेत ते अंतर चौदाशे किलोमीटरच्या आसपास आहे. ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर. आपला हा धानाचा मुलूख जेमतेम तीनशे मीटरवर, आणि मे महिन्यात येथे पारा ४५ च्या घरात जातो. आजचा हिशेब मांडायचा तर नागपूरहून दिल्ली पावणेदोन तास, दिल्लीहून काठमांडू साधारण तेवढेच आणि काठमांडूहून ल्हासा दीड तास. म्हणजे आकाशातला प्रवास जेमतेम पाच तासांचा. गोंदियाहून एस.टी.ने अर्जुनी-मोरगाव गाठून, गोठणगावातली कामे उरकून परत यायला जवळपास तेवढाच वेळ जातो. पण हे पाच तास प्रवाशाजवळ पारपत्र, चीनचा व्हिसा आणि तिबेटसाठीचा वेगळा परवाना असेल तर. म्हाताऱ्याजवळ निर्वासिताचे नोंदणीपत्र होते. त्याच्या दृष्टीने परतीच्या वाटेला किती वेळ लागेल, हे कोणत्याही वेळापत्रकात नव्हते. तो काही वर्षांनी येथेच वारला.

त्या रात्री वसतिगृहातल्या माझ्या खोलीत परत आलो आणि एम.ए.च्या काळातली टिपणवही काढली. नागपूर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून सॅम्युएल बील आणि थॉमस वॉटर्स यांच्या इंग्रजी ग्रंथांतून ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनाची टिपणे मी काढली होती. हा चिनी भिक्खू इ.स. ६२९ च्या सुमारास चांगआन नगरीतून, देशाबाहेर जाण्यास बंदी असताना, लपतछपत निघाला. चांगआन म्हणजे आजचे शिआन. तेथून नालंदा सरळ रेषेत सुमारे अडीच हजार किलोमीटर. आज वाटेत दोनदा विमान बदलूनही तो एका दिवसाचा प्रवास आहे. ह्युएन त्संग वाळवंट, हिमपर्वत, समरकंद, बामियान, गांधार, काश्मीर असा मोठा वळसा घालत आणि वाटेतल्या विहारांत थांबून शिकत सुमारे आठ वर्षांनी नालंदेला पोचला. इ.स. ६४५ मध्ये तो मायदेशी परतला, तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते, आणि ज्याने बंदी घातली त्याच सम्राट ताई त्सुंगने त्याचा सन्मान केला. उरलेले आयुष्य त्याने त्या ग्रंथांच्या भाषांतरात घालवले.

भारतातल्या अंतरांची मापे सांगताना ह्युएन त्संग योजनाची व्याख्या देतो. योजन म्हणजे राजाचे सैन्य एका दिवसात जितके चालते, तितके अंतर. जुन्या परंपरेने ते चाळीस ली, भारतातल्या लोकांच्या हिशेबाने तीस ली, आणि धर्मग्रंथांत सोळा ली, असेही तो नोंदवतो. कोस म्हणजे गाईचे हंबरणे जेथवर ऐकू जाते, तितके अंतर. म्हणजे आपल्या पूर्वजांनी अंतर मोजले ते माणसाच्या चालण्याने आणि जनावराच्या आवाजाने. वाट डोंगराची असेल तर योजन आखूड होईल, सपाटीची असेल तर लांबेल. वेळ आणि अंतर ही दोन मापे वेगळी नव्हतीच. टिपणवहीत या ओळींखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि कडेला ‘महत्त्वाचे’ असेही लिहिले होते. एम.ए.ला जे महत्त्वाचे म्हणून टिपले, ते नववीतल्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवर आले, तेव्हा मला ओळखता आले नाही. त्याने योजनाच्या रीतीने उत्तर दिले होते. मी ‘वेळ नाही’ असे लिहून ते खोडले.

हा ह्युएन त्संग आपल्या भागाजवळून गेला असावा. कलिंगाहून वायव्येस डोंगर आणि अरण्यांतून अठराशे ली चालून आपण कोसल देशात आलो, असे तो लिहितो. तेथे शंभर संघाराम आणि दहा हजारांच्या आत भिक्खू होते, आणि आचार्य नागार्जुनांचे वास्तव्य या देशात झाले, असे तो सांगतो. हा दक्षिण कोसल. त्याची राजधानी कोणती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कनिंगहॅमने ती चांदा, म्हणजे आपले चंद्रपूर, मानली. पुढे अनेकांचा कल छत्तीसगडातल्या महानदीकाठच्या सिरपूरकडे झुकला. तेथे १९५० च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात मोठे बौद्ध विहार उजेडात आले. गोंदियाहून सिरपूर पूर्वेला आणि चंद्रपूर दक्षिणेला, दोन्ही सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर. मी वर्गात हे सांगतो, तेव्हा मुले खिडकीबाहेर पाहतात, जणू काषाय वस्त्रातला तो प्रवासी आत्ताच शेताच्या बांधावरून गेला असावा. मी त्यांना लगेच दटावत नाही.

माझ्या वडिलांनाही किलोमीटरचा हिशेब कळत नसे. ते एका मालगुजाराकडे सालदार होते. कायद्याने मालगुजारी १९५१ सालीच गेली होती. वाडा आणि वाड्याचा वचक मात्र जागेवर होता. १९५६ च्या दसऱ्याला नागपुरात बाबासाहेब धम्मदीक्षा घेणार, ही बातमी गावात आली. हलक्या धानाच्या कापणीचे दिवस जवळ आले होते. जाण्याची परवानगी मिळाली नाही. वडील दोन दिवस वाड्याच्या अंगणात उभे राहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे, न विचारता, धुतलेले धोतर पिशवीत घालून निघाले. अर्जुनीपर्यंत पायी, तेथून छोट्या गाडीने गोंदिया आणि गोंदियाहून नागपूर. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, पण कोणी कोणाला उठवत नव्हते, असे ते सांगत. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर उभ्या असलेल्या लाखोंमध्ये ते होते. बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी तर त्याहून दूरचे; जन्माने ब्रह्मदेशाच्या आराकानातले आणि आलेले कुशीनाऱ्याहून. परतल्यावर वडिलांचे काम गेले. ते पुढे गोंदियाच्या धानाच्या गिरणीत हमाली करू लागले आणि त्यामुळेच मी शहराच्या शाळेत शिकलो. लहानपणी मी त्यांना विचारले होते, की नागपूर त्या वेळी फार दूर वाटले का. ते म्हणाले, “नागपूर दूर नोहता बाबू, वाडा दूर होता.”

हे वाक्य ऐकत मी मोठा झालो. भाषणांत ते अनेकदा वापरले. तरीही स्वतःचा विद्यार्थी अडतीस किलोमीटरवर असताना मला सात आठवडे लागले. शून्य गुणांमुळे तो शाळा सोडून गेला, असे मी म्हणत नाही. त्याच्या घरच्या संकटाला माझ्या लाल शाईची गरज नव्हती. पण बापाच्या आजारात शाळेचे माणूस ओट्यावर येऊन बसले असते, तर कदाचित उसन्या पैशांची काही वाट काढता आली असती, वसतिगृहातली त्याची जागा राखून ठेवता आली असती, आणि तो फाट्यापर्यंत जाऊन रोज रिकाम्या हाताने परतला नसता. तो तेथे कोणाची वाट पाहत होता, हे त्याच्या आईला कळले नव्हते. मला कळले.

त्या दिवसांत वसतिगृहातल्या सायंवंदनेनंतर पूज्य भन्ते मुलांना धम्मचक्र प्रवर्तनाची कथा सांगत होते. ती मी शेकडो वेळा ऐकली होती. बोधी प्राप्त झाल्यावर तथागतांनी विचार केला, हा धम्म प्रथम कोणाला सांगावा. त्यांना त्यांचे पाच जुने सहकारी आठवले. हे पाचही जण त्यांना सोडून गेलेले. गौतम साधनेपासून ढळला, असे समजून त्यांनी पाठ फिरवली होती. उरुवेलेहून इसिपतन, म्हणजे आजचे बोधगया ते सारनाथ, सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून अधिक. तथागत ते अंतर पायी चालून गेले. पाच जणांनी त्यांना दुरून पाहिले, तेव्हा उठून स्वागत करायचे नाही, असेही आपसांत ठरवले होते. ही कथा मी आजवर शिष्यांच्या बाजूने ऐकत आलो होतो. त्या संध्याकाळी मला प्रथमच दिसले, की जगातला हा पहिला धम्मवर्ग सुरू होण्यासाठी विद्यार्थी गुरूकडे आले नाहीत. गुरू चालत गेला, आणि तोही सोडून गेलेल्यांकडे.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी शिक्षकांच्या बैठकीत सारी हकिकत सांगितली. सांगणे सोपे नव्हते. मी तेव्हा सर्वांत कनिष्ठ होतो. कोणी मला बोल लावला नाही. ज्येष्ठ सहकाऱ्यांपैकी एक जण फक्त एवढे म्हणाले, की अशी एकेक नावे आपल्या सगळ्यांजवळ आहेत. त्या बैठकीत ठरलेली गोष्ट आपल्या शाळेत आजही पाळली जाते. सुटी संपून सात दिवस झाले आणि विद्यार्थी आला नाही, तर आठव्या दिवशी एक शिक्षक त्याच्या घरी जातो. सांगावा पाठवायचा नाही, पत्र लिहायचे नाही, स्वतः जायचे. प्रथम आम्ही एस.टी. आणि सायकलने जात असू, पुढे मोटारसायकली आल्या, आता मोबाइल आहेत. मोबाइल आल्यावर फोन करून भागेल असा विचार पुढे आला होता. तो आम्ही स्वीकारला नाही. फोनवर बाप सांगतो, पोरगा येत्या सोमवारी येईल. ओट्यावर बसले की चूल दिसते, खाटेवरचा आजारी माणूस दिसतो, आणि लग्नासाठी पाहून ठेवलेली आठवीतली मुलगीही दिसते.

सगळी मुले परत आली असे मी लिहिणार नाही. ते खरे नाही. काही दारांवरून आम्ही रिकाम्या हाताने परतलो. पण देवरीकडच्या एका टोल्यावरून दोन शिक्षिका एका मुलीला घेऊन आल्या होत्या, ती आज एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे, आणि या अंकासाठी तिनेही लेख पाठवला आहे. त्या लेखात तिने आठव्या दिवसाविषयी काही लिहिलेले नाही. तिला तो आपल्या घरापुरता योगायोग वाटत असावा. तिला आणि तिच्यासारख्या इतरांना एवढेच सांगायचे आहे, की तो नियम होता, आणि तो तुमच्यासाठी दुसऱ्या एका मुलाने आपली जागा गमावून करून ठेवला.

नकाशावरच्या अंतराचा प्रश्न मी आजही विचारतो. दोन गुण पट्टीला असतातच. पट्टी आलीच पाहिजे, आपल्या मुलांना स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत. पण त्याखाली आता आणखी एक उपप्रश्न असतो : ‘हे अंतर कोणी, कसे आणि किती काळात पार केले, ते पाच ओळींत लिहा.’ मुले काय काय लिहितात! कोणी आजोबांच्या दीक्षाभूमीच्या पायवाटेचे लिहितो, कोणी बापाच्या सुरतच्या गाडीचे, कोणी आईच्या माहेरचे. एका मुलीने लिहिले, घर ते शाळा बावीस किलोमीटर, वेळ तीन पिढ्या. मी तिला पूर्ण गुण दिले.

तो मुलगा पुन्हा मला भेटला नाही. त्याचे वडील दोन वर्षांनी गेले. आई आणि धाकटी भावंडे नंतर टोला सोडून त्याच्याकडे गेली, असे कळले. कोणी सांगते तो आता गवंडीकामाचा ठेकेदार आहे, कोणी सांगते त्याची मुले इंग्रजी शाळेत जातात. तो आता चाळिशी ओलांडलेला असेल. ही स्मरणिका सगळ्या माजी विद्यार्थ्यांना पाठवली जाणार आहे, आणि ज्यांचे पत्ते नाहीत त्यांच्यापर्यंत ती गाववाल्यांच्या हातून पोचावी, अशी विनंती मी संपादक मंडळाला केली आहे.

बाळा, तुझ्या हाती हा अंक पडला तर एवढे वाच. १९९७ च्या प्रथम सत्र परीक्षेत, भूगोलाच्या पेपरात, तुझे उत्तर बरोबर होते. दोन पैकी दोन गुण. तुझा हजेरीपट शाळेच्या दप्तरात जपून ठेवला आहे. एकदा ये. यायला जमणार नसेल, तर पत्ता कळव. या वेळी मी आठवा दिवस उजाडू देणार नाही.

जयभीम.